पुलीतलं रबर काढायला निघालात?

गॅरेजवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘क्रँकच्या पुढच्या पुलीतलं रबर फक्त आवाज कमी करायला असतं. क्रँक बॅलन्स करून घ्या, अखंड ॲल्युमिनियमची हलकी पुली बसवा, पॉवर वाढेल.’

क्रँक म्हणजे पिस्टनच्या धक्क्यांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य शाफ्ट. पहिली गफलत ‘बॅलन्स’ या शब्दात. बॅलन्सिंग मशीनवर वजन एकीकडे जास्त आहे का, एवढंच कळतं. पिळाचं काही कळत नाही. प्रत्येक स्फोटाला क्रँकवर दणका बसतो, मागचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, लगेच दाद देत नाही आणि मधला शाफ्ट ओल्या पंच्यासारखा किंचित पिळून परत सुटतो. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात २००० आरपीएमला असे दणके सेकंदाला १००; शिवाय त्यात मिसळलेले १५०, २००, ३०० चे ठोके. यातला एखादा ठोका शाफ्टच्या स्वतःच्या लयीशी जुळला, की वेळेवर पाय मारलेल्या झोपाळ्यासारखा पीळ चढत जातो. पुलीचं बाहेरचं जड कडं मागे रेंगाळतं, रबर ताणलं जाऊन तापतं आणि हा पीळ खाऊन टाकतं. म्हणूनच या रबरवाल्या पुलीला डॅम्पर म्हणतात.

‘आम्ही बसवली, स्टेअरिंगला काहीच जाणवत नाही.’ सगळ्यात जास्त दिला जाणारा पुरावा हाच, आणि सगळ्यात पोकळही हाच. हाताला लागते ती अख्ख्या इंजिनाची थरथर. पीळ शाफ्टच्या आतल्या आत चालतो, इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगपर्यंत फारसा येतच नाही. असा क्रँक तुटला की त्याचं तोंड नीट बघा: ऑइलच्या भोकापासून किंवा जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) कडेच्या गोलाईतून ४५ अंशांत तिरकी गेलेली चीर, आणि शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा रेषा. ही चीर एका दिवसाची नसते. खापर मात्र ‘मटेरियल हलकं’ म्हणून फुटतं.

पॉवरचं म्हणाल तर न्यूट्रलमध्ये इंजिन चटकन चढतं, खरंय. एकसारख्या वेगाला चाकाला जास्तीचं काही मिळत नाही.

काही गाड्यांना कंपनीचीच अखंड पुली असते, हेही खरं. पण तिथला शाफ्ट आखूड आणि ताठ असतो. लांब क्रँकला तो दाखला चालत नाही. लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९१० च्या सुमारास डॅम्पर काढला तोच लांब क्रँकच्या सहा सिलिंडर इंजिनांच्या या दुखण्यापायी.

रबर म्हातारं होतं, हे मान्य. त्याची तपासणीही सोपी आहे. कमिन्स कंपनीच्या ५.९ लिटर बी सिरीज डिझेल इंजिनात हबवर (पुलीच्या मधल्या भागावर) आणि बाहेरच्या कड्यावर समोरासमोर रेघा असतात, त्या १.५९ मिमीहून जास्त सरकल्या तर डॅम्पर बदलायचा. पुली उतरवायला पाना हातात घेतलाच असेल, तर आधी फडक्याने पुसून त्या रेघा बघा.