मुंबईची इमारत पावसात बघावी

मुंबईतल्या वास्तूंचा विषय निघाला की काही जण व्हीटी (आताचं सीएसएमटी) स्टेशन आणि राजाबाई टॉवरपाशी थांबतात, तर काही जणांना फक्त नव्या उंच टॉवरांचे मजले मोजायचे असतात. मी इमारत बघतो ती जुलै महिन्यात. या शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत आणि समुद्राकडून झोडपत. त्या पावसाचं इमारतीने काय केलं ते आधी बघावं, शैली गॉथिक (टोकदार कमानी, कोरीव दगड) की आर्ट डेको (सिमेंट, सरळ रेषा, गोल कोपरे) हे नंतर विचारावं.

डी. एन. रोडवरून भर पावसात चालून बघा. सीएसएमटीहून फ्लोरा फाउंटनकडे जाताना बरंच अंतर छत्री मिटून कापता येतं. हा रस्ता हॉर्नबी रोड होता तेव्हा, १८९६ मध्ये, नियम झाला की इथे बांधणाऱ्याने तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने कमानींची पडवी ठेवायची. मालक निराळे, आर्किटेक्ट निराळे, एका इमारतीचा तोंडवळा दुसरीसारखा नाही, पण चालणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर आहे. खासगी इमारतीने रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी एवढी जागा सोडावी, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं. (त्या कमानींत फेरीवाले बसतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना एवढंच सांगेन, की सावली असते तिथेच बाजार भरतो.)

व्हीटीची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची, १८८८ मध्ये पूर्ण झालेली. त्याच्याच मुलाने, चार्ल्स स्टीव्हन्सने, कुलाब्याच्या तोंडाशी रीगल सिनेमा उभा केला १९३३ मध्ये. बापाने दगडात मोर-माकडं आणि पानंफुलं कोरून घेतली, मुलाने सिमेंटात सरळ, स्वच्छ रेषा ओढल्या. एका घराण्यातल्या दोन पिढ्यांत शहराचा चेहरा इतका बदलला. ओव्हल मैदानावर उभं राहिलं की हा बदल समोरासमोर दिसतो. पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठ, पश्चिमेला भराव घालून मिळवलेल्या जमिनीवरच्या डेको इमारती, मध्ये क्रिकेट. याच परिसरातल्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या मिळून ९४ इमारती २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या.

पण या डेकोवर माझा जीव आहे तो त्या यादीमुळे नव्हे. या शैलीत आपली माणसं आर्किटेक्ट म्हणून पुढे आली. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं सूना महल गजानन म्हात्रे यांचं, १९३७ चं. आणि ही शैली फोर्टात अडकून राहिली नाही. ती माटुंग्याला, दादरला, शिवाजी पार्कात मध्यमवर्गाच्या दोन-तीन खोल्यांपर्यंत आली.

माझ्या आत्याची माटुंग्याची बिल्डिंग त्यातलीच. खिडक्यांवरून सलग धावणारा, कोपऱ्यावर गोल वळणारा सिमेंटचा छज्जा. खाली उभं राहून वर पाहिलं तर त्याच्या पोटाला, कडेच्या जरा आत, बोटभर रुंदीची खाच दिसायची. पावसाचं पाणी छज्ज्याखालून भिंतीकडे सरकू लागलं की त्या खाचेशी अडायचं आणि थेंब थेंब बाहेरच पडायचं. कोणी गवंड्याने पट्टी लावून सरळ ओढलेली ती एक रेघ, पण तिच्यामुळे भिंत कोरडी राहायची. जिन्याला उभी जाळी होती, त्यामुळे दिवसा दिवा लावावा लागत नसे. मोझॅकच्या पायऱ्या माणसांच्या पावलांनी मधोमध गुळगुळीत झालेल्या.

ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नवा फ्लॅट मोठा आहे, लिफ्ट आहे, आत्याच्या गुडघ्यांना आराम आहे. हे सुख खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही. पण खिडकीवर छज्जाच नाही. पावसात खिडकी किलकिली केली तरी झड थेट पलंगावर येते, म्हणून चार महिने काच बंद आणि एसी चालू.

उंच इमारतीत हे जमत नाही, असं मला कोणी सांगू नये. पेडर रोडजवळ आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं कांचनजंगा १९८३ पासून उभं आहे. २८ मजले. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन आणि पाऊसही त्याच बाजूने. जुन्या बंगल्यांनी हा पेच भोवती व्हरांडा फिरवून सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला, दोन मजले उंचीच्या गच्च्या कोपऱ्यांत कोरल्या आणि घर त्यांच्या आड ठेवलं. गिरगावातल्या चाळीची गॅलरीही हेच काम करते, फक्त तिथे शेजारीही भेटतात. श्रीमंताचा टॉवर आणि गिरणी कामगाराची चाळ एकाच पावसाला एकाच पद्धतीने उत्तर देतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग बाल्कन्या गेल्या कुठे? आवड बदलली हे अर्धं कारण. दुसरं नियमांत आहे. पूर्वी बाल्कनी ठरावीक मर्यादेपर्यंत एफएसआयच्या, म्हणजे भूखंडावर जेवढं बांधायची परवानगी त्या हिशेबाच्या, बाहेर असायची. लोकांनी आणि बिल्डरांनी ती बंद करून खोलीत घेतली, आणि २०१२ च्या बदलानंतर ती एफएसआयमध्ये मोजली जाऊ लागली. गैरवापर थांबवायला केलेला नियम समजण्यासारखा आहे. पण जी जागा मोजली जाते ती खोलीलाच द्यावी, असा हिशेब होणारच. पावसापासून वाचवणारी खरीखुरी उघडी बाल्कनी आणि छज्जा यांना या शहरात उत्तेजन मिळायला हवं, दंड नव्हे.

वारसा यादीतल्या इमारतींकडे लक्ष द्यायला निदान समित्या तरी आहेत. माटुंगा-दादरच्या शेकडो साध्या इमारतींचं भवितव्य सोसायटीच्या बैठकीत ठरतं, आणि तिथे आपण कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी रक्कम) आणि पार्किंग एवढंच विचारतो. विचारायलाच हवं. त्यासोबत छज्जा किती बाहेर येणार, जिन्याला उजेड कुठून, स्वयंपाकघराची खिडकी पावसात उघडी ठेवता येईल का, हेही आर्किटेक्टला समोर बसवून विचारा, आणि उत्तर नकाशावर दाखवायला लावा. सही त्यानंतर करा.