हळदीचा रंग कच्चा म्हणण्यात तिचा अपमान नाही

ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही नीट द्यायला हवं. ‘हळदीचा रंग उन्हात उडतो’ हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं असं: वरणाचा डाग जन्मात जात नाही, हळद तर शेतकरी उन्हातच वाळवतात, आणि तुमच्या आजींची अष्टपुत्री (लग्नातली पिवळी साडी) अजून पिवळीधमक आहे. ‘आपल्या परंपरेला कमी लेखू नका’ असंही बजावलंत.

आधी डागाचं. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कुरक्युमिन, सुती धाग्याला तुरटी-हिरड्यासारखं रंग पक्का करणारं काही न लावता थेट धरतं. झाडापाल्याच्या रंगांत असे थोडेच. साबणानं डाग निघत तर नाहीच, उलट लाल होतो, कारण क्षार मिळाला की कुरक्युमिन लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. पण तोच डागाळलेला रुमाल ओला करून आपल्या बडोद्याच्या एप्रिलच्या उन्हात अगाशीवर टाकून बघा. डाग फिका पडतो, कारण प्रकाशानं कुरक्युमिनचा रेणूच मोडतो.

शेतकरी हळकुंडं आधी उकडतात आणि मग १०-१५ दिवस उन्हात घालतात, पण अख्खी. ऊन सालीपाशीच अडतं, रंग आत गाभ्यात सुरक्षित. कापडावर त्याला असा आडोसा नाही. दळलेली हळदसुद्धा काचेच्या बरणीत खिडकीशी ठेवू नये. (खंडेराव मार्केटातून रंगवायला ओली हळद आणणार असाल, तर केशरी गाभ्याची ‘लीली हळदर’ (गुजरातीत ओली हळद) घ्या. ‘आंबा हळदर’ म्हणजे आंबेहळद ही वेगळी वनस्पती, गाभ्याला फिकी. ती लिंबू-मीठ लावून पानात वाढायची.)

जुन्या रंगाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. निळीवर हळद चढवून ते हिरवा करत, आणि हळद उडाली की तो हिरवा निळसर दिसू लागे. टिकाऊ पिवळा हवा तिथे तुरटी आणि डाळिंबाची साल वापरत. परंपरा म्हणायची तर हे ज्ञानही तिच्यातच धरायला हवं. हळद हवी तिथे त्यांनी हळदच वापरली, कारण तिच्यासारखा झळझळीत पिवळा सालीतून येत नाही.

राहिली अष्टपुत्री. ती लग्नानंतर ट्रंकेत घडी घालून ठेवली होती, असं तुम्हीच लिहिलंय. अंधारात हळदीचा रंग वर्षानुवर्षं राहू शकतो. मात्र ती हळदीनंच रंगवली होती का, हेही तपासा. पदराचा एक सुटा धागा काढून त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. लालसर झाला आणि लिंबानं परत पिवळा झाला, तर हळदच. पिवळाच राहिला, तर तो रंग दुसरा कुठला तरी. काय निघालं ते इथे जरूर लिहा, आणि साडी दाखवायला काढाल तेव्हा अगाशीवर नको, घरातच उलगडा.