शेतकरी नवरा आणि कागदावरची बायको

आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यातील एका भाषणाची चित्रफीत भावकीच्या व्हॉट्सॲप गटातून माझ्यापर्यंत नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला येऊन पोहोचली. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीउत्पादकांची मुले पस्तिशीपर्यंत बिनलग्नाची राहतात, याचे खापर वक्त्यांनी शिकलेल्या मुलींवर फोडले होते. मुलींना शेती हवी असते पण शेतकरी नको असतो, या वाक्याला टाळ्या पडल्या.

2011च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 842 मुली होत्या. ती पिढी आत्ता कुठे लग्नाच्या वयाला येत आहे, म्हणजे आजचे बिनलग्नाचे तरुण ही केवळ सुरुवात आहे. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांच्या अपेक्षा वाढल्या असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

इथेही शेतकऱ्याला जोडीदार मिळणे सोपे नाही. त्यांच्या जोड्या जमवणारा टीव्हीवरचा कार्यक्रम तर वर्षानुवर्षे चालू आहे. माझ्या घरमालकिणीची बहीण दुधाच्या धंद्यातल्या घरात पडली. ती आठवड्यातले तीन दिवस रुग्णालयात परिचारिका असते, उरलेले दिवस धारा काढते, आणि शेती दोघांच्या भागीदारीत असल्यामुळे बँकेच्या कागदांवर तिची सही लागते. (जनावरांच्या शेणामुतातून होणाऱ्या नायट्रोजन प्रदूषणावरच्या नियमांवरून ती सरकारचा उद्धार करू लागली की मला काकांची आठवण येते.) आमच्याकडे जून महिन्यातले वादळ एका रात्रीत केळीची आख्खी बाग आडवी करते, तशी वेळ तिच्यावर येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही सहीचा मुद्दा मी सोडणार नाही.

माझ्या आईच्या साड्यांवरचे केळीच्या चिकाचे काळे डाग कधीच निघाले नाहीत. सालदाराच्या भाकरीपासून कापणीच्या मजुरांच्या हिशेबापर्यंत सारे तिच्याकडे असते, पण सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. पत्नीच्या नावे जमीन करा, असे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत सांगून तीन दशके उलटली. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीने मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, आणि आमच्याकडे तो साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर परत घेतला जातो. अशा घरात सून म्हणून जायला मुलगी कचरत असेल, तर तिला हिशेब कळतो एवढेच म्हणावे लागेल.

भावाने मलाही हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला आहे. हेगच्या वकिलातीतून सही साक्षांकित करून द्यायची आहे. तू त्या जमिनीचे काय करणार, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. केळी लावायला मी परत जाणार नाही, आणि खरे सांगायचे तर शेतकरी नवरा मीही केला नसता. इथे माझे नाव भाडेकरारावर आहे आणि पगाराच्या चिठ्ठीवर आहे, पण करार संपला की तेही पुसले जाईल. रावेरच्या तलाठ्याच्या दप्तरात ते राहावे असे मला वाटते, आणि भावाला पटेल असे त्याचे एकही कारण मला देता येत नाही. वकिलातीची वेळ मी अजून घेतलेली नाही.