ओसाकाचा किल्ला हिदेयोशीचा नाही, आणि ‘नकली’ही नाही

ओसाकाच्या किल्ल्याच्या फोटोखाली फिरणारा मजकूर साधारण असा असतो: ‘हिदेयोशीने १५८३ मध्ये बांधलेला हा किल्ला युद्धं आणि बॉम्ब पचवून जसाच्या तसा उभा आहे. शंभर टनांचे दगड त्याने कसे आणले असतील! आता लिफ्ट बसवून मात्र वास्तूचा विचका केलाय.’

साल बरोबर आहे. जपान एका सत्तेखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशी या सेनानीने त्या वर्षी इशियामा होंगान-जी या बौद्ध मठाच्या जागेवर काम सुरू केलं. पण तो किल्ला १६१५ मध्ये तोकुगावा घराण्याने घातलेल्या वेढ्यात पडला आणि जळाला. १६२० पासून त्याच घराण्यातल्या शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा हिदेतादाने तिथे नवा किल्ला उभारला, तोही जुन्याची डागडुजी करून नव्हे. जुन्या भिंती भराव टाकून गाडल्या आणि वर नव्याने तट रचले. १९५९ मध्ये मनोऱ्याजवळ बोअर घेताना सुमारे सात मीटर खाली हिदेयोशीची भिंत लागली. तोवर जपानमध्येही दिसणारे तट त्याचेच मानले जात, म्हणून मजकूर लिहिणाऱ्याची निम्मी चूक माफ करायला हरकत नाही. १९८४ मध्ये अशीच आणखी एक भिंत सापडली. २०२५ पासून ती खाली उतरून पाहता येते.

तिथे गेलात तर फरक नजरेनेच कळतो. गाडलेल्या भिंतीत अनघड दगड, मिळाले तसे रचलेले, फटींत चिपा ठोकलेल्या. वरच्या तटात ग्रॅनाइटचे घडीव चिरे, सांधे घट्ट. कोपऱ्यावर लांबट चिरा एका थरात एका बाजूला, पुढच्या थरात दुसऱ्या बाजूला, म्हणजे कोपरा उसवत नाही. काही चिऱ्यांच्या कडेला चौकोनी खाचांची रांग दिसते: खाचांत पाचरी घालून त्या आळीपाळीने ठोकत जायचं, की खडक त्या रेषेत फुटतो. काही दगडांवर खुणाही कोरलेल्या आहेत. काम अनेक सरदारांवर वाटून दिलेलं होतं, तेव्हा माल कुणाचा यावरून भांडणं नकोत.

शंभर टनांचा दगडही तोकुगावांच्याच काळातला. साकुरा दरवाज्यातून आत शिरताच समोर येणारा ‘ताको-इशी’ (ऑक्टोपस दगड) ओकायामाचा सरदार इकेदा तादाओ याने बसवला; दगड समुद्रमार्गे आला. दर्शनी भाग ५९ चौरस मीटर, वजन अंदाजे १०८ टन. या आकड्यांवरून सरासरी जाडी जेमतेम ७० सेंटिमीटर निघते. अगडबंब ठोकळा नव्हे, उभी लावलेली फरशी! येणाऱ्याला दबकवायला तेवढी पुरे.

‘जसाच्या तसा’ म्हणजे मनोरा म्हणावा, तर तोकुगावांचा १६२६ चा मनोरा १६६५ मध्ये वीज पडून जळाला. पुढे २६६ वर्षं चौथरा मोकळाच होता. १९२८ मध्ये महापौर सेकी हाजिमे यांनी पुन्हा मनोरा बांधायचा प्रस्ताव मांडला आणि लोकवर्गणीतून १५ लाख येन जमले. मनोऱ्यावर त्यातले ४ लाख ७० हजारच लागले. जागा लष्कराच्या ताब्यात, म्हणून त्याहून मोठी रक्कम लष्कराच्या मुख्यालयाच्या नव्या इमारतीत गेली. १९३१ चा हा मनोरा पोलाद आणि काँक्रीटचा, ५५ मीटर उंच, आत आठ मजले. वरचा मजला वेढ्याच्या जुन्या चित्रपडद्यावरून हिदेयोशीच्या थाटात, काळा आणि सोनेरी वाघांचा. खालचे मजले पांढरे, तोकुगावा पद्धतीचे. चौथराही तोकुगावांचाच. असा मनोरा इतिहासात कधीच नव्हता.

लिफ्ट तर १९३१ पासूनच आहे. १९९७ ला संपलेल्या दुरुस्तीत भर पडली ती बाहेरच्या काचेच्या लिफ्टची. १९४५ च्या बॉम्बवर्षावातून मनोरा वाचला हे मात्र खरं, पण काही अस्सल जुने बुरूज त्यात गेले.

आता ‘सगळं नकली’ म्हणणाऱ्यांसाठी. हिदेयोशीचा मनोरा तीस वर्षं टिकला, तोकुगावांचा एकोणचाळीस. हा नव्वदीपार आहे आणि १९९७ पासून सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदलेला आहे. अस्सल जुनं लाकूडकामच बघायचं तर ओते दरवाज्याजवळचा सेंगान बुरूज १६२० चा. आणि बंदुकीच्या दारूचं कोठार चुकवू नका: १६६० मध्ये आधीच्या कोठारावर वीज पडून स्फोट झाला, म्हणून १६८५ चं हे कोठार जमिनीपासून छतापर्यंत दगडाचं केलं. भिंती सुमारे २.४ मीटर जाड.