मुलांना स्वतःबद्दलचं उत्तर पाठ करायला लावू नका

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी होते. पुढे दोघी जणी बोलत होत्या. "टीजेसाठी क्लास लावलास का गं?" "केव्हाच! सातवीच्या सुट्टीतच." दोघींची मुलं शेजारीच उभी होती, एकमेकांना मोबाईलवर काहीतरी दाखवून हसत होती. गेल्या वर्षी मी याच रांगेत हेच बोलत होते. म्हणून लिहितेय.

इथे अमेरिकेत, नॉर्दर्न व्हर्जिनियात न राहणाऱ्यांसाठी थोडं सांगते. टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी, १९८५ पासूनची सरकारी शाळा. शाळा फेअरफॅक्स काउंटीची, पण शेजारच्या आमच्या लाउडन काउंटीच्या मुलांनाही अर्ज करता येतो. नववीला साधारण ५५० जागा. किमान ३.५ जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, हवा आणि आठवीत निदान अल्जिब्रा १ (बीजगणिताचा पहिला कोर्स) चालू हवा. पूर्वी प्रवेश परीक्षा होती, ती २०२० मध्ये रद्द झाली. आता मुलं देखरेखीखाली बसून दोन गोष्टी लिहितात. गणित किंवा विज्ञानाचा एक प्रश्न कसा सोडवला ते शब्दांत मांडायचं, आणि 'स्टुडंट पोर्ट्रेट शीट' भरायचं, म्हणजे स्वतःबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. शिवाय प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या संख्येच्या दीड टक्का जागा राखलेल्या.

या बदलावरून आपल्या लोकांत केवढी भांडणं झाली! पहिल्याच वर्षी निवड झालेल्यांत आशियाई मुलांचं प्रमाण सुमारे ७३ वरून ५४ टक्क्यांवर आलं. पालक कोर्टात गेले. २०२३ मध्ये अपील कोर्टाने नवी पद्धत कायम ठेवली आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. माझ्या जवळच्या मैत्रिणी अजून चिडलेल्या आहेत, त्यांचा राग मला समजतो. पण दीड टक्क्याचा नियम मला मनापासून पटतो. माझा भाऊ नवोदयमध्ये शिकला. तिथे किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, म्हणूनच आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोरगं तिथवर पोचलं. ते ज्या घरात घडलं, त्या घरातल्या मुलीने इथे येऊन दुसऱ्यांच्या वाटेवर बोट ठेवावं, हे मला जमणार नाही.

माझं म्हणणं वेगळंच आहे. परीक्षा गेली, पण आपली सवय गेली नाही. आता आपण मुलांकडून त्यांचा स्वभाव पाठ करून घेतोय.

फेअरफॅक्सच्या शाळांनी विद्यार्थ्यात कोणते गुण असावेत याची यादी केली आहे: संवाद साधणारा, इतरांबरोबर काम करणारा, चिकाटीचा, असं बरंच काही. पोर्ट्रेट शीटचे प्रश्न त्यावरच बेतलेले असतात. आम्ही लावलेल्या क्लासमध्ये प्रत्येक गुणासाठी एक गोष्ट तयार करून घ्यायचे. माझ्या लेकीने सिकाडा नावाच्या किड्यांबद्दल लिहिलं होतं. २०२१ मध्ये इथे सतरा वर्षांनी सिकाडा जमिनीतून वर आले, तेव्हा ती चौथीत होती. रोज शाळेनंतर कुंपणापाशी जाऊन टरफलं मोजायची, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत तारखा घालून ठेवायची. ओकच्या झाडाखाली जास्त आणि नव्या लॉनवर एकही का नाही, हे तिने स्वतःच शोधून काढलं: घरं बांधताना तिथली माती उकरली गेली होती. क्लासचे सर म्हणाले, छान आहे, पण यात लीडरशिप दिसत नाही. त्याऐवजी फूड ड्राइव्हबद्दलचा, म्हणजे गरजूंसाठी अन्न गोळा करण्याबद्दलचा, नमुना दिला. तिने त्या ड्राइव्हमध्ये एक शनिवार डबे उचलले होते, एवढंच. आणि मी मान डोलावली.

मग रोज रात्री स्वयंपाकघरात मी हातात कागद धरून उभी, आणि ती म्हणून दाखवतेय. माझी आई 'पावसाळ्यातील एक दिवस' निबंध असाच धरून बसायची. एका रात्री लेक मध्येच अडखळली आणि मला विचारलं, "आई, पुढे मी काय केलं?"

तेरा वर्षांची मुलगी स्वतःच्या आयुष्यात पुढे काय झालं ते मला विचारत होती. दुसऱ्या दिवशी क्लास बंद केला. भरलेले पैसे गेले, जाऊ देत.

क्लासच नको असं मी म्हणत नाही. गणिताचं उत्तर शब्दांत मांडायला शिकवणारं कुणी असेल तर जरूर लावा. पण स्वतःबद्दलचं मुलांना स्वतःला लिहू द्या, आणि त्याआधी आत काय आहे ते त्यांना बघू द्या. टीजेत नववीला बायॉलॉजी, इंग्लिश आणि टेक्नॉलॉजी एकत्र गुंफून शिकवतात, बारावीला प्रयोगशाळेत संशोधन करावं लागतं. हे ऐकून डोळे चमकतात का? रोजचा लांबचा बसप्रवास चालेल का? आमच्याकडे लीसबर्गला अकॅडमीज ऑफ लाउडन ही सरकारी शाळा आहे, तिथेही अर्ज करून प्रवेश मिळतो. तिथल्या सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना एक दिवस अकॅडमी, एक दिवस आपलं नेहमीचं हायस्कूल, असं आलटून पालटून जायचं असतं. जुनी मैत्री सुटत नाही, हे माझ्या लेकीला सगळ्यात मोठं वाटलं. त्याच इमारतीत अकरावी-बारावीसाठी वेल्डिंग आणि स्वयंपाकाचेही कोर्स आहेत. आपल्यातलं कुणी त्यांची चौकशी करताना मी पाहिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

निकाल आले. लेकीला एकीकडे मिळालं, एकीकडे नाही. तिने अर्धा तास तोंड पाडलं आणि मग सायकल घेऊन गेली. तिच्या मैत्रिणीला दोन्हीकडून नकार. ती शेवटपर्यंत क्लासला होती, सगळी उत्तरं तोंडपाठ. दोघींना घरी सोडत होते, तर मागच्या सीटवर ती रडायला लागली. पूर्वी परीक्षेत मार्क कमी पडले की मूल म्हणायचं, पेपर अवघड होता. ही म्हणाली, "काकू, मी त्यांना आवडले नाही का?"

मी तिला जागांचं गणित समजावत राहिले, अर्ज किती, जागा किती. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. अल्जिब्रा तिने सातवीतच संपवला होता.