'आशा होती' आणि 'आशा आहे'

पप्पांच्या गोळ्यांची एक डबी होती, आठवड्याच्या सात दिवसांचे सात कप्पे असलेली. ते बुधवारी रात्री गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात माणसांची ये-जा चालू असताना, मी ती डबी सहज उचलली, तर गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार या तीन कप्प्यांतल्या गोळ्या तशाच होत्या. रविवारी सकाळी मीच त्या मोजून भरल्या होत्या. ख्रिस्ती विश्वासातून मिळणाऱ्या आनंदाविषयी लिहायचे तर मला त्या डबीपासूनच सुरुवात करावी लागते, कारण तोपर्यंत आनंद म्हणजे काय याविषयी मी जे धरून चालले होते, त्यातले काहीही त्या दुपारी माझ्या कामी आले नाही.

दीड वर्ष आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी हळू आवाजात सांगितले की, विश्वास कुठेतरी कमी पडला असावा. त्यांच्या बोलण्यावर मी शब्द खर्च करणार नाही. दुसऱ्या एका ताईंनी मात्र मनापासून म्हटले, "रडू नकोस, ते प्रभूजवळ गेले आहेत, आनंद कर." त्या खोटे बोलत नव्हत्या; जे त्या म्हणाल्या त्यावर माझाही विश्वास आहे. पण मरण पावलेल्या लाजराच्या कबरेपाशी त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया यांना येशूने 'रडू नका' असे सांगितल्याचे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात कुठेही नाही. मरीया रडत आहे आणि तिच्याबरोबर आलेले लोकही रडत आहेत हे पाहून तो व्याकूळ झाला, आणि 'येशू रडला' एवढ्या दोनच शब्दांचे ते वचन तिथे आले आहे. थोड्याच वेळात आपण लाजराला हाक मारून कबरेतून बाहेर बोलावणार आहोत हे ठाऊक असतानाही तो रडला. ज्याला शेवट ठाऊक होता त्याने अश्रू आवरले नाहीत, मग शेवटाची नुसती आशा बाळगणाऱ्या आपण ते का आवरावेत, हे मला अजून उमगलेले नाही.

पुढचे काही महिने मी बायबलमधल्या स्तोत्रांखेरीज दुसरे फारसे वाचू शकले नाही. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो, आणि सहाव्या वचनात, म्हणजे स्तोत्र संपता संपता, तोच माणूस गाऊ लागतो. ते वाचताना मला त्याचा थोडा हेवाच वाटला, कारण माझा प्रवास सहा वचनांत होणार नव्हता. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मला अधिक जवळचे वाटले. ते शेवटपर्यंत उजळत नाही. त्याचा शेवट अंधारातच होतो. तरीही ते वगळले गेले नाही, देवाच्या लोकांच्या गीतसंग्रहातच राहिले. ज्या ग्रंथात अशा प्रार्थनेला जागा आहे, तो आपल्याला हसरा मुखवटा चढवायला सांगत नाही, एवढे तरी त्यावरून मला कळले.

या काळात जो प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला तो लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातला आहे. येशूचे दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊस नावाच्या गावी निघाले आहेत. येशू मरणातून उठल्याचा, पुनरुत्थानाचाच तो दिवस आहे, पण त्यांच्यापुरता अजून वधस्तंभच खरा आहे. येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. तुम्ही कशाविषयी बोलत आहात, असे तो विचारतो, तेव्हा ते खिन्न चेहऱ्याने थांबतात, आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघते की, इस्राएलाची मुक्तता करणारा हाच, अशी आमची आशा होती. 'होती' या क्रियापदापाशी मी दर वेळी अडखळते. पप्पा बरे होतील, अशी माझीही आशा होती. विशेष म्हणजे येशू त्यांना मध्येच थांबवून आपली ओळख सांगत नाही. आधी त्यांची सगळी हकीकत ऐकून घेतो. मग त्यांच्या मंदबुद्धीबद्दल त्यांना स्पष्ट शब्दांत टोकतो, शास्त्राचा अर्थ उलगडून सांगतो, आणि संध्याकाळी भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडतात. त्याच घटकेला ते उठून यरुशलेमेकडे परत फिरतात. रोमी सत्ता तिथेच होती, वधस्तंभही घडून गेलेला होता, यांतले काहीच बदललेले नव्हते. त्यांची आशा आपल्याला हव्या असलेल्या फळावर टेकलेली होती, ती आता जिवंत उठलेल्या त्याच्यावर टेकली, एवढाच फरक पडला होता, आणि रात्रीच्या वेळी तीच वाट पुन्हा तुडवायला तो त्यांना पुरला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ख्रिस्ती आशा म्हणजे 'सगळे चांगलेच होईल' असा स्वभावातला उत्साह असता, तर तो माझ्याकडे मुळातच कमी आहे. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिताना कोणतीही पळवाट ठेवलेली नाही: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, आणि आपण सर्व माणसांत अधिक लाचार आहोत. इतक्या उघडपणे सारे एकाच गोष्टीवर पणाला लावणारी आशा मला भरवशाची वाटते. माझे मन आज उभारी धरते की उद्या खचते, यावर ती अवलंबून नाही. इब्री लोकांस पत्रात तिला जिवाचा नांगर म्हटले आहे. आणि नांगर टाकलेले गलबत लाटांवर हेलकावे खातच असते.

'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे वचन मला त्या दिवसांत अनेकांनी पाठवले. ते फिलिप्पैकरांस पत्रातले आहे, आणि ते लिहिताना पौल बंदिवासात होता, हे आपण प्रवचनांतून ऐकलेले असते. पण त्याच पत्रात, दुसऱ्या अध्यायात, आपला सहकारी एपफ्रदीत मरणास टेकला होता असे तो सांगतो, आणि देवाने त्याच्यावर दया केली व मला दुःखावर दुःख होऊ दिले नाही, असेही लिहितो. म्हणजे एपफ्रदीत गेला असता तर पौलाला दुःख झाले असते, आणि ते कबूल करायला त्याला संकोच वाटत नाही. एकाच लेखणीतून दोन्ही वाक्ये उतरली आहेत. आनंदाची आज्ञा पाठवणाऱ्यांनी अधूनमधून हे वाक्यही पाठवावे, असे मला वाटते.

आनंद परत आला तो मी कमावलेला नव्हता. कित्येक रविवार मी उपासनेत नुसती उभी राहत असे. गीत सुरू झाले की घसा बंद होई. एका रविवारी शेजारच्या वृद्ध बाईंनी आपले गीतांचे पुस्तक माझ्याकडे सरकवले आणि काही न बोलता चालू ओळीवर बोट ठेवले. कडवे पुढे सरकले तसे त्यांचे बोटही सरकत गेले. मी त्या दिवशीही गायले नाही, पण सगळी मंडळी गात असताना माझ्या वाटचेही कुणीतरी गात आहे हे मला पहिल्यांदा जाणवले, आणि त्यातून जे वाटले त्याला आनंदाखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही. पुढच्या की त्याच्या पुढच्या रविवारी मी शेवटचे कडवे म्हटले, बेसूर.

डबी अजून कपाटात आहे. गुरुवारचा कप्पा मी मागच्या महिन्यात रिकामा केला.