‘डिझेलला जाड ऑइलच घाला’: त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

डिझेल कारवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिझेल इंजिनाला जाड ऑइलच लागतं, म्हणून १५डब्ल्यू-४० घाला, ५डब्ल्यू-३० म्हणजे नुसतं पाणी, ट्रकला चालणारं ऑइल कारला का चालू नये, काळं पडलेलं ऑइल म्हणजे संपलेलं ऑइल, डब्यावर ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेलं असलं की बाकी काही बघायची गरज नाही, आणि डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली तर उत्तमच, इंजिन ऑइल पीत नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीच्या मालकाने हे ऐकलं तर त्याचं मोठं नुकसान होऊ शकतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ‘पाणी’. डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती घट्ट राहतं ते सांगतो. ऑइलचे ग्रेड ठरवणाऱ्या एसएई या संस्थेच्या तक्त्यात ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजायचं एकक) आणि ४० ग्रेड म्हणजे १२.५ ते १६.३. डिझेल कारसाठी मिळणारं ५डब्ल्यू-३० बहुधा १२ च्या आसपास असतं, १५डब्ल्यू-४० चौदा-पंधराच्या. म्हणजे इंजिन तापल्यावर फरक उरतो दोन-तीन सेंटिस्टोकचा. ४० अंशांना मात्र पहिलं सत्तरच्या आसपास असतं आणि दुसरं शंभरच्या वर. गार इंजिन सुरू केल्यावर टर्बोच्या बेअरिंगला, टॅपेटला, चेनच्या टेन्शनरला ऑइल लवकर पोचायला हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच जाड ऑइल रेंगाळतं. जाड ऑइल घातल्यावर इंजिनाचा आवाज कमी झाला म्हणून खूश होणारे बरेच भेटतात. आवाज दबतो, झीज तिथेच असते.

शिवाय १५० अंशांना, बेअरिंगमधल्या ताणाखाली ऑइलचा थर किती टिकतो याची वेगळी चाचणी असते, तिला एचटीएचएस म्हणतात. एसीईए या युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेल्या सी३ दर्जाच्या ५डब्ल्यू-३० ला तिथे किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद गाठावेच लागतात. एसएईची १०डब्ल्यू-४० साठीची किमान अटही ३.५ च आहे. उलट सी२ दर्जाचं ५डब्ल्यू-३० हे २.९ वरही चालतं. दोन्ही डब्यांवर ग्रेड एकच, आतलं ऑइल वेगळं. त्यामुळे नुसता ग्रेड बघून ऑइल घेणं हीच मुळात अर्धवट पद्धत आहे.

आता ट्रकचं ऑइल. सगळ्यात जास्त नुकसान याच मुद्द्याने होतं. डीपीएफमध्ये काजळी साठते आणि रिजनरेशनच्या वेळी साधारण ६०० अंशांना ती जळून जाते. राख जळत नाही. ही राख येते ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक असलेल्या अ‍ॅडिटिव्हमधून, म्हणजे त्यात मिसळलेल्या रसायनांमधून. कोणतंही इंजिन थोडं ऑइल जाळतंच. त्यातली राख फिल्टरच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसते ती कायमची. सी३ ऑइलमध्ये सल्फेटेड अ‍ॅश, म्हणजे हीच राख, ०.८ टक्क्याच्या आत असावी लागते, सी४ मध्ये ०.५ च्या आत. जुन्या सीआय-४ दर्जाच्या ट्रक ऑइलमध्ये ती दीड टक्क्याच्या आसपास असू शकते. हिशेब करून बघा: एक लिटर ऑइल जळलं, म्हणजे सुमारे ८५० ग्रॅम, तर दीड टक्क्याने तेरा ग्रॅमच्या आसपास राख, ०.८ ने सात, ०.५ ने चार. फिल्टर राखेने भरला की रिजनरेशन वारंवार होऊ लागतं, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि शेवटी फिल्टर काढून साफ करणं किंवा बदलणं एवढंच उरतं.

आणि ट्रकवाल्यांनाही हे माहीत आहे. अमेरिकेत ट्रकला डीपीएफ येऊ लागले तेव्हाच, २००६ मध्ये, एपीआय या तिथल्या पेट्रोलियम संस्थेने सीजे-४ आणलं आणि त्यात राखेची मर्यादा १ टक्का ठेवली. २०१६ च्या सीके-४ मध्येही तीच आहे. ट्रकसाठीही आता कमी राखेचं ऑइल बनतं, तरी त्याची ही मर्यादा कारच्या सी३ पेक्षा वरच आहे.

जुनं, डीपीएफ नसलेलं इंजिन असेल आणि मॅन्युअलमध्येच १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असेल, तर तेच घाला, त्यात काही चूक नाही. डिझेलमध्ये गंधक जास्त असायचं तेव्हा त्यातून तयार होणारं आम्ल मारायला जास्त अल्कली असलेलं, म्हणजेच जास्त राखेचं ऑइल लागायचंच. मेसेज त्या काळातला आहे.

काळ्या रंगाबद्दल थोडक्यात. डिझेलमध्ये काजळी तयार होते आणि ती गोळा होऊ न देता तरंगत ठेवणं हे ऑइलमधल्या डिस्पर्संटचं काम. ताजं ऑइल थोड्याच दिवसांत काळं झालं तर ते काम करतंय एवढाच अर्थ. रंगावरून ऑइल संपलं की नाही हे कळत नाही. किलोमीटर, महिने आणि गाडी कशी चालते यावरून ठरतं. रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचं लवकर बदला.

‘फुल्ली सिंथेटिक’ हे बेस ऑइलबद्दलचं, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह मिसळण्याआधीच्या मूळ ऑइलबद्दलचं वर्णन आहे. त्यात राख किती, एचटीएचएस किती, हे त्यातून अजिबात कळत नाही. डब्याच्या मागच्या लेबलवर बारीक अक्षरात फोक्सवॅगन ५०७ ००, मर्सिडीज २२९.५२, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४, रेनॉ आरएन०७२० असं काहीतरी छापलेलं असतं. मॅन्युअलमध्ये जे आहे ते तिथे असायला हवं, आणि ‘अप्रूव्हड’ म्हणून असायला हवं. ‘या गाड्यांसाठी योग्य’ हा ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा असतो, त्यामागे गाडी बनवणाऱ्याची मान्यता असेलच असं नाही.

राहिली वाढलेली लेव्हल, आणि इथे मेसेज सरळ धोकादायक आहे. बऱ्याच इंजिनांत रिजनरेशनसाठी सिलेंडरमध्ये उशिराने जास्तीचं डिझेल सोडलं जातं. त्यातलं थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून उतरून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये जातं. पेट्रोलसारखं ते सहज उडून जात नाही. रिजनरेशन पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलं तर ऑइल पातळ होत जातं आणि लेव्हल चढत जाते. ती फारच चढली तर इंजिन चेंबरमधलं ऑइलच इंधन म्हणून ओढू शकतं, आणि मग चावी बंद करूनही ते थांबत नाही. लेव्हल खुणेच्या वर गेली असेल तर वरचं ऑइल काढून ती जुळवू नका, कारण उरलेल्यातही डिझेल मिसळलेलं आहे. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि रिजनरेशन पूर्ण का होत नाही ते स्कॅनर लावून तपासून घ्या.